समुद्रावर काढलेले शेअर

खोट्या बातमीने माणूस फसतो हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु खऱ्या बातमीने, कागदोपत्री पडताळून पाहता येईल अशा निखालस खऱ्या बातमीने, एक सबंध शहर कसे फसते हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याने मुंबईचा १८६१ ते १८६५ या वर्षांचा इतिहास सावकाश वाचावा. त्या इतिहासात भामटे थोडे आहेत आणि प्रतिष्ठित गृहस्थ पुष्कळ आहेत. त्यात सरकार आहे, सनदी बँक आहे, वर्तमानपत्रे आहेत, तारायंत्र आहे, आगगाडी आहे, आणि या सर्वांच्या साक्षीने घडलेला असा विनाश आहे की, ज्याची झळ दहा वर्षांनंतरही विझलेली नव्हती.

१८६१ च्या एप्रिलात अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण संस्थानांमध्ये युद्ध जुंपले आणि लिंकनच्या सरकारने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीनचतुर्थांशाहून अधिक माल याच दक्षिण भागातून येत असे. तो थांबताच लँकेशायरमधील गिरण्यांचे भोंगे बंद पडू लागले, लक्षावधी कामगार उपाशी बसले, आणि ज्या हिंदी कापसाकडे लिव्हरपूलचे व्यापारी आखूड धाग्याचा व कचऱ्याने भरलेला म्हणून नाके मुरडीत असत, त्याच कापसाच्या गाठींसाठी ते एकमेकांवर चढाओढीने बोली करू लागले. 'सुरती' या एका नावाखाली गुजरात, काठेवाड, खानदेश आणि वऱ्हाड या सर्व प्रांतांचा माल तेथे विकला जाई. त्याचा भाव तीन वर्षांत चौपटीहून अधिक चढला. युद्धापूर्वीच्या भावाने जे मिळाले असते त्याहून सुमारे ८ कोटी १० लाख पौंड, म्हणजे त्या काळच्या हुंडणावळीने ८१ कोटी रुपये, या काळात मुंबईला अधिक मिळाले असा हिशेब पुढे मांडण्यात आला आणि तो आजवर सर्वत्र उद्धृत केला जातो.

एवढा पैसा आला तो काही हवेतून आला नाही. वऱ्हाडातील आणि खानदेशातील कुणब्याने ज्वारीचे रान मोडून तेथे कपाशी पेरली, बायकांनी ती वेचली, रेच्यावर सरकी काढली, आणि गाड्यांच्या तांड्यांनी तो माल रेल्वेच्या ठाण्यांकडे नेला. १८५३ साली ठाण्यापर्यंत धावलेली आगगाडी १८६३ साली बोरघाट चढून गेली आणि दुसरीकडे खानदेशात पोहोचली, ही गोष्ट या व्यापाराच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली. कुलाब्याच्या कॉटन ग्रीनवर गाठींच्या भिंती उभ्या राहिल्या. लोभाचा पहिला परिणाम मालावरच झाला: कापसात माती, सरकी, पाणी मिसळण्याचा प्रकार इतका बोकाळला की, १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील भेसळीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि जुन्या गाद्या-उशा उसवून त्यांतील कापूसही विलायतेस चढविला गेला असे त्या काळाचे साक्षीदार लिहून गेले आहेत.

येथपर्यंत जे झाले ते व्यापाराच्या सामान्य नियमांस धरूनच झाले, आणि त्यात ज्यांनी नफा मिळविला त्यांना दोष देण्याचे कारण नाही. अनर्थाचा आरंभ निराळ्या ठिकाणी झाला. हाती आलेल्या पैशास ठाव हवा होता. १८५७ आणि १८६० च्या कायद्यांनी मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या काढण्याची मुभा, आणि मागाहून ती बँकांनाही, मिळालेली होती. म्हणजे कंपनी बुडाली तरी भागीदाराची घरदारे जप्तीतून सुटतील अशी तजवीज कायद्यानेच करून ठेवली होती. ही सवलत उद्योगधंद्यांच्या वाढीसाठी आवश्यक होती हे खरे. परंतु ज्या शहरात चार वर्षांपूर्वी अशा कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, तेथे १८६५ च्या जानेवारीपर्यंत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन-कंपन्या, १६ कापूस-प्रेस कंपन्या, १० जहाज-कंपन्या, २० विमा-कंपन्या आणि याखेरीज ६२ इतर संयुक्त भांडवलाच्या मंडळ्या उभ्या राहिल्या. एवढ्या बँकांनी कोणास कर्ज द्यावयाचे होते? उत्तर सरळ आहे: त्या एकमेकींचे शेअर घेणाऱ्यांस देत होत्या.

या सर्वांत शिरोमणी होती ती बॅकबे रेक्लमेशन कंपनी. मलबार टेकडीपासून कुलाब्यापर्यंत पसरलेला जो उथळ उपसागर, त्याचा किनारा भरून काढून तेथे जमीन निर्माण करावयाची, काही भाग कुलाब्याकडे जाणाऱ्या रेल्वेस द्यावयाचा आणि उरलेली जमीन विकून भागीदारांनी श्रीमंत व्हावयाचे, अशी ही योजना होती. तिच्या मुळाशी असलेली प्रत्येक गोष्ट खरी होती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. मुंबईत जागेची टंचाई होती. १८६२ साली गव्हर्नर म्हणून आलेल्या सर बार्टल फ्रीअर यांच्या अमदानीत किल्ल्याचे तट पाडले जात होते आणि शहर बाहेर पसरू पाहत होते. समुद्र भरून जमीन करता येते, हे तर या सात बेटांच्या नगरीला कोणी शिकवावयास नको होते. पुढे साठसत्तर वर्षांनी त्याच किनाऱ्यावर जमीन झालीही. तरीसुद्धा दहा हजार रुपयांचा शेअर, त्यापैकी पाच हजारच प्रत्यक्ष भरलेले, बाजारात पन्नास हजारांच्या आसपास विकला जाऊ लागला, तेव्हा तो घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी साधा त्रैराशिकाचा हिशेब मांडला असेल? किती चौरस वार जमीन होणार, ती भरण्यास किती वर्षे आणि किती खर्च लागणार, ती कोण कोणत्या दराने घेणार, आणि तोपर्यंत गुंतलेल्या रकमेवरील व्याज कोणाच्या माथी बसणार, हे चार आकडे कागदावर उतरविले असते तर पन्नास हजारांचा भाव दुसऱ्या ओळीतच कोसळला असता. परंतु शेअर घेणाऱ्यास जमीन घ्यावयाची नव्हतीच. त्याला तो शेअर पुढल्या आठवड्यात साठ हजारांना घेणारा दुसरा गृहस्थ हवा होता. समुद्र भरला जातो की नाही याच्याशी त्याचा संबंध उरला नव्हता.

या व्यवहाराची कळ कोठे होती हे पाहिल्याखेरीज त्याचा उलगडा होत नाही. ती कळ बँक ऑफ बॉम्बेमध्ये होती. १८४० साली सनद घेऊन स्थापन झालेली ही इलाख्याची बँक. तिच्यात सरकारचे भांडवल होते, सरकारने नेमलेले संचालक तिच्या मंडळावर बसत, आणि तिची जुनी सनद तिला कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देण्यास मज्जाव करीत असे. चलनी नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतल्यावर बँकेस मोबदला म्हणून व्यवहाराची अधिक मोकळीक देण्यात आली; १८६३ च्या कायद्याने जुना मज्जाव सैल झाला, आणि तोही नेमका अशा वर्षी, की जेव्हा तो आवळण्याची गरज होती. मग चक्र फिरू लागले. एखाद्याने नव्या कंपनीचे शेअर घ्यावे, ते बँकेत तारण ठेवावे, त्या कर्जातून दुसऱ्या कंपनीचे शेअर घ्यावे, त्या मागणीने भाव चढावा, चढलेल्या भावामुळे तारणाची किंमत वाढावी, आणि वाढलेल्या तारणावर आणखी कर्ज मिळावे. बाहेरून पाहणारास प्रत्येक टप्प्यावर संपत्ती वाढताना दिसे. वस्तुतः एकाच रकमेची छाया वेगवेगळ्या भिंतींवर पडत होती. जोडीला वायद्याचे सौदे होते. १ जुलै १८६५ रोजी अमुक शेअर अमुक भावाने घेईन अशा चिठ्ठ्यांवर, खिशात दमडी नसलेले कारकूनही लाखांचे धनी झाल्यासारखे वावरू लागले.

प्रेमचंद रायचंद हे नाव या कथेत टाळता येत नाही. सुरतेत १८३१ साली जन्मलेला हा जैन दलाल इंग्रजी जाणणारा होता, बुद्धीने असामान्य होता, आणि बँक ऑफ बॉम्बेच्या संचालक मंडळावर जाऊन बसल्यावर कोणास कर्ज मिळावे आणि कोणास नव्या कंपनीचे शेअर वाटून द्यावेत हे बहुतांशी त्याच्या शब्दावर ठरू लागले. लिव्हरपूलचे भाव इतरांच्या आधी कळावेत म्हणून विलायतेची टपाल आणणाऱ्या आगबोटींना गाठण्यास तो समुद्रात होड्या पाठवीत असे, अशी कथा सांगितली जाते. त्याला केवळ लुटारू ठरविणे हा अन्याय होईल. त्याने दिवाळे निघाल्यावरही तोंड लपविले नाही, तो १९०६ पर्यंत जगला, आणि मुंबई विद्यापीठाला १८६४ साली त्याने दिलेल्या देणगीतून त्याच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. त्या चार वर्षांच्या अफाट संपत्तीपैकी जी दान म्हणून हातातून गेली, तीच काय ती दगडाच्या रूपाने शिल्लक राहिली, ही गोष्ट मला नेहमी अंतर्मुख करते. तथापि एका माणसाच्या शब्दावर सनदी बँकेची तिजोरी उघडावी, आणि मंडळावरील सरकारी सभासदांनी त्याकडे पाहत राहावे, हा दोष त्या माणसापेक्षा पाहणाऱ्यांचा अधिक होता.

पाहणारे गप्प का राहिले? मुंबईत त्या वेळी लिहिणाऱ्यांची वाण नव्हती. दादाभाईंनी काढलेले 'रास्त गोफ्तार' होते, १८६२ पासून 'इंदुप्रकाश' होते, १८६४ पासून विश्वनाथ नारायण मंडलिकांचे 'नेटिव्ह ओपिनियन' होते. गोविंद नारायण माडगावकरांनी तर १८६३ सालीच 'मुंबईचे वर्णन' लिहून या शहराच्या गल्लीबोळांची नोंद करून ठेवली. बुद्धी होती, लेखणी होती. परंतु भाव चढत असताना शंका घेणाऱ्याचे म्हणणे रोज संध्याकाळी खोटे ठरते, आणि त्याचा शेजारी रोज संध्याकाळी अधिक श्रीमंत होऊन घरी येतो. अशा स्थितीत महिनोगणती एकट्याने उभे राहण्यास जे मनोधैर्य लागते ते विद्वत्तेतून आपोआप येत नाही. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्यासारखा व्यासंगी, लोकहितदक्ष पुरुषही या लाटेत सापडला आणि त्यास जबर ठोकर बसली, यावरून इतरांची कल्पना करावी. राज्यकर्त्यांची गोष्ट आणखी निराळी. ज्या गव्हर्नरास रस्ते, इमारती आणि नवे शहर हवे होते, त्यास ते सर्व खाजगी पैशाने होते आहे असे दिसत असताना, तो पैसा कोठून येतो हा प्रश्न विचारणे गैरसोयीचे होते.

९ एप्रिल १८६५ रोजी सेनापती ली शरण गेला. अमेरिकेची बातमी तेव्हा आगबोटीने अटलांटिक ओलांडून विलायतेस येत असे. परंतु विलायतेहून हिंदुस्थानपर्यंत इराणच्या आखातातून घातलेली नवी तार त्याच वर्षाच्या आरंभी सुरू झाली होती. ज्या यंत्राचे प्रगतीचे चिन्ह म्हणून कौतुक चालले होते, त्याच यंत्राने कापसाचा भाव कोसळल्याचे वर्तमान आणले. वास्तविक युद्ध कधीतरी संपणार हे पोरासही कळण्यासारखे होते. युद्ध संपले की अमेरिकेचा कापूस बाजारात येणार आणि सुरतीचा भाव उतरणार, हेही उघड होते. चार वर्षे सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट घडताच सर्वांना धक्का बसला. तहाच्या नुसत्या वावड्यांनी बाजार पूर्वीही एकदोनदा हादरला होता. पण प्रत्येक वेळी सावरल्यामुळे विश्वास उलट वाढला होता.

१ जुलै उजाडला तेव्हा वायद्याचे पैसे देणारा कोणी उरला नव्हता. ज्याने द्यावयाचे होते त्याचे येणे तिसऱ्याकडे, तिसऱ्याचे चौथ्याकडे, आणि चौथा नादार. २,८५० रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांवर आला. बॅकबेचा पन्नास हजारांचा शेअर दोन हजारांच्याही खाली गेला. पेढ्यांमागून पेढ्यांची दिवाळी निघाली, नादारीचे अर्ज निकालात काढण्यासाठी १८६५ चा अठ्ठाविसावा कायदा खास करावा लागला, आणि बँक ऑफ बॉम्बेने आपल्या २ कोटी ९ लाखांच्या भांडवलापैकी सुमारे १ कोटी ८९ लाख गमावून १८६८ साली गाशा गुंडाळला. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी मंडळाने सैल केलेली सनद, कमजोर चिटणीस आणि निष्काळजी संचालक यांच्यावर ठपका ठेवला. १८६४ च्या खानेसुमारीत ८,१६,५६२ असलेली मुंबईची वस्ती १८७२ साली ६,४४,४०५ भरली. जे कामाच्या आशेने आले होते ते हजारोंनी कोकणात आणि देशावर परतले. तरुणपणी हा सर्व प्रकार डोळ्यांनी पाहिलेल्या दिनशा वाच्छा यांनी १९१० साली त्याचा इतिहास लिहिला. आकडेमोड हा त्यांच्या हातचा मळ होता आणि सरकारी अंदाजपत्रकांवर ते जन्मभर निर्भीड टीका करीत राहिले. त्या निर्भीडपणाची मुळे १८६५ च्या त्या पावसाळ्यात असावीत असे मला वाटते.

पण वाच्छांच्या ग्रंथात जो भाग थोडक्यात येतो, तोच माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. मुंबईच्या शेठियांचे दिवाळे निघाले, त्यांच्यासाठी कायदा झाला, त्यांची देणी रुपयास काही आणे देऊन मिटली. गावच्या कुणब्यास अशी मर्यादित जबाबदारी कोणी दिली नव्हती. चढ्या भावाच्या वर्षांत सावकाराने त्याला सढळ हाताने कर्ज दिले होते, कारण पीक आणि जमीन दोन्हींची किंमत चढली होती. पुणे व नगर जिल्ह्यांत कापूस फारसा पिकत नव्हता. पण रेल्वेची कामे, गाडीभाडे आणि महागलेले धान्य यांच्या वाटेने तो पैसा तेथेही खेळला. त्यातच तीस वर्षांची जमाबंदी संपून नव्या पाहणीचे दर चढ्या वर्षांकडे पाहून ठरू लागले. भाव उतरले, मजुरी आटली, सारा मात्र वाढलेलाच राहिला, आणि सावकाराने हात आखडून जुन्या खतांवर दिवाणी दावे लावले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी रयत उठली. पुढील आठवड्यांत गावोगाव सावकारांची खतपत्रे आणि रोखे हिसकावून जाळण्यात आले. माणसे मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर रयतेचा रोख होता, हे चौकशी करणाऱ्यांनीही नोंदविले आहे. मग आयोग बसला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. अमेरिकेतील त्या युद्धाच्या चार्ल्स्टन बंदरातील पहिल्या तोफेपासून सुप्याच्या बाजारातील या होळीपर्यंत एक सलग धागा आहे, आणि ज्यांनी समुद्रावर शेअर काढले त्यांच्यापेक्षा ज्यांनी समुद्र कधी पाहिलाही नव्हता त्यांनी त्याचे व्याज अधिक काळ भरले.

आजचे वर्तमानपत्र हाती घेतले की मला ही वर्षे आठवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे मनुष्याची कामे करू लागली आहेत, ही बातमी खरी आहे. जशी सुरती कापसाचा भाव चौपट झाल्याची बातमी खरी होती. त्या यंत्रांसाठी प्रचंड गणनकेंद्रे उभारली जात आहेत, त्यांना अपार वीज आणि पाणी लागणार आहे, हेही खरे. परंतु या खऱ्या बातमीवर जे भाव उभे केले जातात, एक कंपनी दुसरीत पैसा घालते आणि दुसरी त्याच पैशाने पहिलीचा माल घेते असे जे व्यवहार जाहीर होतात, त्यांविषयी मला बॅकबेच्या भागीदारास विचारावयाचे तेच चार प्रश्न विचारावेसे वाटतात. ते प्रश्न विचारणाऱ्यास प्रगतीचा शत्रू समजले जाते. आगगाडी आणि तार या दोन्ही गोष्टी खऱ्या आणि उपकारक ठरल्या, बॅकबेची जमीनही कालांतराने झाली. तरी १८६५ चे दिवाळे त्यामुळे चुकले नाही.

हे प्रश्न वेळेवर विचारले तर काय होते, याचेही उदाहरण त्याच किनाऱ्यावर आहे. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी बॅकबे भरण्याची योजना पुन्हा हाती घेतली, या वेळी थेट सरकारी कर्ज काढून. समुद्रात बांध घातला गेला, गव्हर्नरांचेच नाव दिलेला प्रचंड ड्रेजर गाळ उपसू लागला. पण गाळ अपेक्षेपेक्षा कमी निघाला आणि जो टाकला तो बांधाच्या फटींतून पुन्हा समुद्रात गेला. अंदाजपत्रक वाढत चालले. त्या वेळी खुर्शेद फ्रामजी नरिमन या वकिलाने कायदेमंडळात आणि वर्तमानपत्रांत विकास खात्याच्या कारभाराचा पिच्छा पुरविला. प्रतिज्ञा किती गाळाची होती आणि प्रत्यक्ष किती पडला, दर काय ठरला आणि खर्च काय झाला, मालाची खरेदी कोणाच्या शिफारशीने झाली, असे कंटाळवाणे वाटणारे प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षे चालू ठेवले. खात्यातील हार्वी या इंजिनिअराने त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. दरम्यान १९२६ साली सरकारला मिअर्स समिती नेमून चौकशी करावी लागली, आणि १९२८ साली नरिमन निर्दोष सुटले. योजनेच्या आठ विभागांपैकी चारच पुरे करण्यात आले, आणि उरलेल्या चारांवर तेव्हा पैसा घालण्याचे सरकारने थांबविले.